पैसे देऊन शेण बघायला कशाला जायचं?

पत्र थोडक्यात असं: ठाण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनीने लिहिलंय. घरात नवरा-बायको दोघंही नोकरदार, मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा आणि 71 वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. दिवाळीनंतर चार दिवसांची सुट्टी जुळून आली आहे. बाईंनी जुन्नरजवळचं एक कृषी पर्यटन केंद्र हेरून ठेवलंय. तिथं गाई, शेळ्या, ससे, बैलगाडी, द्राक्षबाग आणि चुलीवरचं जेवण आहे. चार दिवसांत शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, खोडदची दुर्बीण आणि माळशेज बघून व्हावं आणि ‘निवांत आरामही मिळावा’ अशी त्यांची इच्छा. नवऱ्याचं म्हणणं, ‘आपलं गाव असताना पैसे देऊन शेण बघायला कशाला जायचं?’ गाव खटाव तालुक्यात. ‘दीर शेती बघतात, जाऊबाई तिथेच असतात, चार म्हशी आहेत.’ सासूबाईंचा कौल गावाकडे. ‘गावी गेलं की मी सकाळपासून चुलीपुढे, ती कसली सुट्टी? आणि जुन्नरला गेलो हे कळलं तर भावकी नावं ठेवणार. काय करू?’

ताई,

तुमच्या यजमानांचं वाक्य वाचून आधी हसले, मग थबकले. ते म्हणतात ते निम्मं खरं आहे. गावी शेण फुकटात बघायला मिळतं. पण फुकट म्हणजे एवढंच, की त्याचे पैसे तुम्ही मोजत नाही. घरात चार दिवसांसाठी पाच माणसं वाढली की किती भाकऱ्या वाढतात, हा हिशेब त्यांनी कधी केला नसेल. तुम्ही केलाय, कारण त्यातल्या निम्म्या तुम्ही थापता. उरलेल्या निम्म्या तुमच्या जाऊबाई थापतात, आणि तुमची गाडी फाट्यावरून वळून दिसेनाशी झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच चुलीपुढे पुन्हा त्याच बसलेल्या असतात. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल एकच वाक्य आहे: ‘जाऊबाई तिथेच असतात.’

त्यांच्याकडे परत येऊ. आधी जुन्नर.

दुसऱ्याच्या शेतावर पैसे देऊन राहणं म्हणजे आपल्या गावाशी बेइमानी, ही जी टोचणी तुम्हाला लागली आहे, ती मला पटत नाही. शेतकरी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन जातो तेव्हा भाव दुसरं कुणीतरी ठरवतं. दुधाचा भाव डेअरी ठरवते, उसाचा सरकार आणि कारखाना ठरवतात. खोलीचा आणि ताटाचा दर मात्र तो स्वतः ठरवतो. त्याच्या सगळ्या उलाढालीत बहुधा ही एकच गोष्ट अशी असेल. जुन्नरला 2018 मध्ये पर्यटन तालुका जाहीर केलं, 2020 मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, आणि आता अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी होते. तेव्हा हे लाजायचं प्रकरण नाही. तिथंही कुणाची तरी जाऊ भाकऱ्या थापणारच, पण तिच्या घरात त्याचे पैसे येतील. भावकीचं म्हणाल, तर ती तुम्ही गावी गेल्यावरही नावं ठेवतेच, फक्त तोंडावर ठेवत नाही.

आता तुमची यादी. रागावू नका, पण ती वाचून मीच दमले. ठाण्याहून मुरबाड, माळशेज करत जुन्नर म्हणजे मुलांच्या शू-खाऊसह चार तास धरा, जास्तही लागतील. म्हणजे चारपैकी पहिला आणि शेवटचा दिवस निम्मा प्रवासात. उरलेल्या दोन दिवसांत सहा ठिकाणं! मी हे एकदा केलंय. बहिणीच्या कुटुंबाबरोबर अशाच एका शेतावर उतरलो होतो. रोज आठला निघायचो, रात्री आठला परतायचो. तिसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी चहा देताना सहज विचारलं, ‘गोठा बघितला का हो मुलांनी?’ बघितला नव्हता. गोठा आमच्या खोलीपासून पन्नास पावलांवर होता. मुलांना शेतावर नेलं होतं आणि दाखवले होते ते पार्किंगचे ठेकेदार.

म्हणून मी असं सुचवेन की दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी, आणि दुपारी जेवायला शेतावर परत.

यादीतलं काय ठेवायचं? माळशेज तुमच्या वाटेतच आहे, त्याला वेगळा दिवस देऊ नका. दिवाळीनंतर धबधबे आटत आलेले असतात. एका वळणावर सुरक्षित जागी थांबून चहा घ्या, झालं. खोडद वगळा. तिथल्या आणि आसपासच्या परिसरात पसरलेल्या 45 मीटर व्यासाच्या 30 प्रचंड तबकड्या मला स्वतःला फार आवडतात, पण ती रेडिओ दुर्बीण आहे, तिला डोळा लावायला भिंगच नसतं. पाच वर्षांचा मुलगा ‘यातून चंद्र कुठे दिसतो?’ विचारेल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. मुलगी दहावीला गेली की तिला घेऊन जा, आधी परवानगीची चौकशी करून.

शिवनेरी ठेवा. गाडी बरीच वर जाते, पायऱ्या रुंद आहेत, सात दरवाजे एकेक करत पार करताना मुलं मोजत मोजत चढतात. ऊन चढायच्या आत गेलात तर पाच वर्षांचंही पोर कुरकुरत नाही. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आणि वर माकडांची दादागिरी. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. त्यांना ओझरला न्या. विघ्नहराचं देऊळ सपाटीवर, शेजारी कुकडीचं पाणी, दीपमाळा, बसायला ऐसपैस जागा. अष्टविनायकांतले दोन गणपती इतक्या जवळ असताना एकच केला तर रुखरुख लागेल, असं त्या म्हणतील. म्हणू द्यात. लेण्याद्रीच्या गणपतीला खालून हात जोडले तरी पोचतात, हे त्यांच्याच पिढीनं आपल्याला शिकवलंय.

नाणेघाट मी ऐच्छिक ठेवेन. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी मार्ग, गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख, तोंडाशी जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. तुमच्या लेकीला गोष्टीसकट सांगितलंत तर रांजण बघून ती खूश होईल. पण त्याहून मला जाण्याचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. तालुक्याच्या त्या पश्चिम अंगाला भात पिकतं आणि त्या सुमारास खळ्यांवर भात झोडणं चालू असतं. ठाण्यातल्या मुलांनी पेंढी दगडावर आपटली की दाणे कसे उडतात हे बघणं, हा माझ्या मते रांजणाच्या तोडीचा ऐवज आहे.

द्राक्षांविषयी मात्र तुमचा गैरसमज दूर करायला हवा. दिवाळीनंतर बागेत जाऊन घड तोडायचे, असं तुमच्या डोळ्यांसमोर असेल. तसं होणार नाही. बागेची ऑक्टोबर छाटणी नुकती झालेली असते, कोवळी फूट आणि इवलेसे घड निघालेले असतात, आणि डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या धास्तीनं फवारणीचा धडाका चालू असतो. मालक तुम्हाला बागेत फार रेंगाळू देणार नाही आणि नाही दिलं तर तो शहाणा माणूस समजा. द्राक्षं खायची तर जानेवारी ते मार्च. हुरडाही थंडी मुरल्यावर. तुमच्या तारखांना तिथं काय असेल? ऊसतोड सुरू झालेली असेल, कांद्याची लागण चालू असेल, टोमॅटो असतील. म्हणून केंद्रावर फोन कराल तेव्हा ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘सगळं आहे’ असंच येतं. ‘आज शेतात काय काम चालू आहे?’ असं विचारा. जो खरा शेतकरी आहे तो लगेच सांगेल, वर मजूर मिळत नाहीत म्हणून दोन मिनिटं तक्रारही करेल. त्या तक्रारीवरून मी जागा पारखते.

जनावरांबाबत दुसरा प्रश्न: दूध डेअरीला जातं का? जात असेल तर गोठा खरा आहे. नाहीतर कोपऱ्यात दोन ससे, एक दमलेला घोडा आणि पाठीवर बसून फोटो काढायचे पैसे वेगळे, असली जागाही असते. एका ठिकाणी घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली उघडी जखम बघितली आणि आम्ही तिथून जेवण न करता निघालो. शेतावर रेन डान्स आहे आणि डीजे आहे असं कौतुकानं सांगितलं, तर फोन ठेवून द्या.

तुम्ही लिहिलंय, ‘मुलांना प्राण्यांशी खेळता यावं.’ या ‘खेळता’ शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. वर सांगितलेल्या मुक्कामात शेवटच्या दिवशी एकदाचे आम्ही पहाटे गोठ्यात पोचलो. साडेपाच वाजले असतील. सात-आठ माणसं, सगळ्यांच्या हातात मोबाईल, दोघांचे फ्लॅश चालू. मालकीणबाई एका तांबड्या गाईखाली बसल्या होत्या, गुडघ्यांत बादली. कासेला पाणी मारलं, वासरू पाजून बाजूला बांधलं, ओढून बघितलं, थेंब येईना. गाय मान वळवून आमच्याकडे बघत होती. बाई न चिडता म्हणाल्या, ‘ताई, जरा मागं हुबं ऱ्हावा सगळी. पान्हा चोरतीया ती.’ आम्ही दाराबाहेर गेलो, मोबाईल खिशात घातले. तीन-चार मिनिटांनी बादलीच्या पत्र्यावर पहिल्या धारेचा चर्रर्र आवाज आला. माझ्या भाच्यानं तो बाहेरून ऐकला आणि हळूच विचारलं, ‘आता ती घाबरत नाही का?’ त्याला त्या सहलीतलं दुसरं काही आठवत नाही.

तेव्हा मुलांना सांगा की आपण त्यांच्या घरी चाललोय. वासराला पेंड भरवू द्या, हाताची बोटं चाटू द्या. ती जीभ पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते, मुलं किंचाळून पुन्हा हात पुढे करतात. कोंबडीच्या मागे पळू द्या, ती त्यांना पुरून उरते. पण व्यालेल्या गाई-म्हशीजवळ, बैलाच्या मागच्या पायांशी आणि पिल्लं असलेल्या कुत्रीच्या वाटेला नाही. गोठ्यातून आलं की साबणानं हात. आणि धारोष्ण दुधाचं कितीही कौतुक कानावर आलं तरी मुलांना दूध उकळूनच द्या. शेतकऱ्याच्या घरातली पोरंही उकळलेलंच पितात.

दोन गोष्टींची मात्र मी तुम्हाला भीती घालणार आहे. पहिली शेततळं. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं ते चौकोनी तळं फोटोत स्विमिंग पुलासारखं निळंशार दिसतं. त्याच्या उतारावर ओल्या कागदाला शेवाळ धरतं आणि एकदा पाय घसरला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. धरायला काही नसतं. कुंपण आहे का, फाटकाला कुलूप असतं का, आत दोर सोडलाय का, हे फोनवरच विचारा, आणि पोचल्यावर चहाच्या आधी स्वतः जाऊन बघा. विहिरीचा कठडा आणि कडबाकुट्टीचं मशीनही त्याच फेरीत बघून घ्या.

दुसरी गोष्ट बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसात राहतो, ही तिथं रोजची बाब आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. ऊसतोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि त्याची हालचाल वाढते, म्हणजे नेमक्या तुमच्या सुट्टीच्या दिवसांत. घाबरून जाणं रद्द करू नका, पण दिवस मावळला की मुलं अंगणाच्या उजेडात, मोठ्यांच्या हाताशी. उसाच्या बांधाला शू करायला एकट्यानं पाठवायचं नाही. रात्री मोठ्यांनीही बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही आणि सकाळी बूट झटकून घालायचे. तो विंचू-सापासाठीचा नियम आहे. स्थानिक माणूस ‘तिकडं नका जाऊ’ म्हणाला तर वाद न घालता वळायचं.

सासूबाईंसाठी कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, पलंग आहे की गाद्या जमिनीवर, हे विचारायला संकोचू नका. माणशी दरात काय काय येतं, मुलांचा अर्धा दर आहे का आणि बैलगाडीचे पैसे वेगळे का, हेही आधीच. जेवणात मासवडी मिळेल का विचारा, पण आदल्या दिवशी सांगा. ओल्या फडक्यावर बेसनाचं पिठलं थापून, त्यावर तीळ-खोबरं-कांदा-लसणाचं सारण पसरून वळकटी करायची आणि वड्या कापायच्या, वर तर्रीदार रस्सा. ‘झटपट होईल का’ म्हणून सांगण्याचा पदार्थ नाही तो. आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन ‘काही मदत करू का?’ म्हणायचं नाही. सवयीनं पाय वळतील, मला माहीत आहे. पाटावर बसा आणि गरम भाकरीची वाट बघा.

आता गाव. सासूबाई गावी जायचं म्हणतात ते सुट्टीसाठी नव्हे. त्यांना आपलं घर, आपली तुळस, आपल्या बरोबरीच्या म्हाताऱ्या बघायच्यात. जुन्नरचं सुंदरसं शेत त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि तुमचा त्रास तुमच्या जागी खरा असला तरी त्यांच्या या इच्छेला हट्ट म्हणू नये. म्हणून मला ही दोन वेगळी कामं वाटतात, एकाच चार दिवसांत दोन्ही कोंबू नका. हे चार दिवस जुन्नरचे. सासूबाई आनंदानं आल्या तर बरोबर. नसतील येत तर तुमच्या यजमानांनी आधीच्या शनिवारी त्यांना गावी पोचवावं आणि परतीची तारीखही ठरवून यावं. ‘आई एकटी पडेल’ हा मुद्दा मग उरत नाही, आणि पैसे देऊन शेण बघण्याचा मुद्दाही प्रत्यक्ष बघूनच निकालात निघेल. यजमानांना एक विचारा मात्र: लहानपणी त्यांनी गावी किती धारा काढल्या? बहुतेक वेळा उत्तर येतं की आई काढायची.

पुढच्या दिवाळीत वसुबारसेला गावी जा. दावणीला चार म्हशी असलेल्या घरी हा सण ठाण्याच्या सोसायटीतल्या मातीच्या गाय-वासरापेक्षा मुलांना जास्त कळेल. पण जायची रीत बदला. फराळाचे डबे तयार नेऊन ठेवा. त्या दिवसांपुरती गावातली कुणी भाकऱ्या करून देणारी बाई सांगा आणि तिचे पैसे तुम्ही द्या, उघडपणे. जुन्नरला पाहुणे म्हणून देताना जड वाटत नाहीत, तर खटावला का वाटावेत? दिरांना सुरुवातीला अपमान वाटेल. तो यजमानांनी भावाभावांत मिटवायचा विषय आहे, तुम्ही मध्ये पडू नका. पाणी भरणं आणि अंथरुणं घालणं हे काम यजमानांचं आणि मुलीचं, तसं निघायच्या आधी ठरवून टाका.

आणि जाऊबाई. म्हशीला सुट्टी नसते, दोन वेळची धार चुकत नाही, त्यामुळे त्यांना ‘या की ठाण्याला’ म्हणणं सोपं आणि निरुपयोगी आहे. दिरांनी चार दिवस गोठा सांभाळला तरच त्या निघू शकतात, आणि ते त्यांना विचारायला त्यांच्या भावाइतका योग्य माणूस दुसरा नाही. मे महिन्यात मुलांच्या सुट्टीत जमेल का, हे आत्ताच बोलायला हवं. त्यांना काय हवंय ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. कदाचित त्यांना ठाण्याला यायचंच नसेल, माहेरी जायचं असेल आणि त्या चार दिवसांत तुम्हीच सासूबाईंजवळ गावी राहावं असं वाटत असेल. तसं असलं तर मग म्हशींच्या धारा तुमच्या यजमानांना शिकाव्या लागतील.

जाऊबाईंना फोन संध्याकाळी साडेसातनंतर करा. तोवर धारा काढून किटली डेअरीला गेलेली असते आणि भाकरीचा तवा चढायला थोडा वेळ असतो.